गीझर कुणी बंद केला?

बाळाला अंघोळ घालायला टब आणायचा, एवढंच काम होतं. ताई संध्याकाळी बाळाला घेऊन प्रसूतिगृहातून घरी येणार होती, आणि आईनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. धाकटी बहीण दुकानात गेली. निळा की पिवळा यावरून ताईशी फोनवर हुज्जत घालत बसण्यापेक्षा तिनं दोन्ही टब घेतले आणि एकात एक घालून घरी आणले.

मामा व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"आलात का वीजबाई? एका बाळाला दोन टब? शिकून आलेल्यांचा हिशेबच वेगळा."

धाकटी हसली. वीजबाई हे नाव तिला चिकटून आता आठवडा झाला असेल. ती लांब जाऊन विजेचं शिक्षण घेऊन आली होती आणि तिकडची नोकरी सोडून परतली होती. आपल्या लोकांच्या घराघरात भिंतीच्या आत मरण लपलंय आणि कुणाला त्याची पर्वा नाही, असं तिचं म्हणणं होतं. हे ती जेवताना सांगायची, चहा घेताना सांगायची, शेजारणींना थांबवून सांगायची. ओल्या हातानं प्लग काढू नका, तुटकी पिन वापरू नका, वायरीचा जोड गालिच्याखाली दडवू नका. मामा म्हणायचा, "ही लग्नाच्या बोहल्यावरसुद्धा आधी टेस्टर लावून बघेल."

घर मुळात तीन भावंडांचं होतं. आई, मामा आणि मावशी. मावशी आता नव्हती. धाकटी शिकायला गेली त्या वर्षीच्या थंडीत ती न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि जागच्या जागी गेली. धाकटीला हे फोनवर कळलं होतं. तेव्हा तिला येता आलं नव्हतं, आणि नंतर त्याबद्दल घरात फारसं कुणी बोललंही नव्हतं.

"गीझर लाव गं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "दोन्ही टब कढत पाण्यानं धुऊन घे. दुकानातली धूळ बाळाला नको."

"कढत?" व्हरांड्यातून मामाचा आवाज आला. "या घरात? तुझ्या आईच्या राज्यात कोमटावर पाणी जात नाही. गीझर लावला की बाईसाहेब बंद करून मोकळ्या."

"मी? मी बंद करते? बिल आलं की छातीवर हात कोण ठेवतं? मेला स्वतः गुपचूप बंद करतो आणि नाव माझं घेतो!"

हा वाद या घरात जुना होता. गीझर लावायचा, कपडे काढून टॉवेल घेऊन यायचं, तोवर बटण बंद झालेलं असायचं. आई मामाला बोल लावायची, मामा आईला. ताई माहेरी आली की तिलाही दोघं मिळून बोल लावायची. इतक्या वर्षांत कुणी कुणाला बंद करताना पाहिलं मात्र नव्हतं.

गीझरचं बटण न्हाणीघराबाहेरच्या बोळात होतं. त्या बोळाला खिडकी नव्हती. बाहेर आभाळ भरून आलेलं, त्यामुळे भरदिवसा तिथं संध्याकाळ वाटत होती. धाकटीनं चाचपडत बटण दाबलं. लाल दिवा लागला. ती स्वयंपाकघरात गेली आणि हात धुवायला नळाला हात घातला.

बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण चढली. तिनं हात झटक्यानं मागे घेतला.

"उलट्या हातानं शिवायचं आधी," आई भाजी चिरता चिरता म्हणाली, जणू मीठ कमी आहे असं सांगावं तसं. "मग धरायचं. नळ, फ्रिज, सगळ्याला आधी उलटा हात."

"आई, हे कधीपासून आहे?"

"आहे आपलं. घर जुनं आहे."

धाकटीनं आपल्या पायांकडे पाहिलं. पायात रबरी चपला होत्या, म्हणून झिणझिण्यांवर निभावलं. अनवाणी आणि ओल्या पायांनी असती तर? ती टेस्टर आणायला वळणार, तेवढ्यात बोळातून आवाज आला.

खट्.

तिनं उलट्या हातानं नळाला शिवून पाहिलं. काही नाही. नुसतं गार लोखंड.

"मामा," ती ओरडली, "गीझर तू बंद केलास?"

"मी इथं बसलोय, बये! पाय माझे इथं आहेत, हात काय बोळात ठेवून आलोय?"

ती बोळात गेली. लाल दिवा विझलेला. बटण बंद. आणि बटणावर पाण्याचा एक थेंब होता. अजून ओघळला नव्हता. बोळात ओल्या केसांचा वास होता. नुकतंच कुणीतरी न्हाऊन बाहेर पडावं आणि दाराशी क्षणभर थांबावं, तसा. न्हाणीघराचं दार उघडं होतं. आतली फरशी कोरडी ठणठणीत.

धाकटी भित्री नव्हती. ती स्वतःला म्हणाली, बटण ढिलं झालं असेल, स्प्रिंग गेली असेल. थेंब छतातून पडला असेल. तिनं वर पाहिलं. छत कोरडं होतं. तिनं बटण चालू केलं आणि हाताची घडी घालून समोर उभी राहिली. बघू या.

काही झालं नाही. टाकीत पाणी कुरकुरायला लागलं. भिंतीआडून बारीक गुणगुण येऊ लागली. मग आईनं हाक मारली, "अगं, पिवळा टब तडकलाय का बघ!" धाकटीनं मान वळवली. नुसती मान.

खट्.

आता मात्र तिनं ओठ दाबले. बटण पुन्हा चालू केलं आणि या वेळी त्यावर अंगठा दाबून धरला. सगळा जोर लावून.

थोडा वेळ नुसता तिचाच श्वास ऐकू येत होता. मग बटणाच्या दुसऱ्या टोकाला दाब जाणवला. हळू, पण ठाम. तिच्या अंगठ्याच्या विरुद्ध बाजूनं कुणीतरी बोट ठेवलं होतं. दिसत काहीच नव्हतं. दाब वाढत गेला, आणि तिच्या नखाला गार, ओलं काहीतरी टेकलं. बराच वेळ पाण्यात राहून सुरकुतलेलं बोटाचं टोक असतं तसं.

"कोण...?" ती पुटपुटली.

दाब रागाचा नव्हता. हे तिला नंतरही कुणाला नीट सांगता आलं नाही. लहान मूल कात्री घट्ट धरून बसतं, तेव्हा आई त्याची बोटं एकेक करून सोडवते ना, तसा तो होता.

धाकटीनं अंगठा काढला.

खट्.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. डोकं मात्र चालू होतं. भूत आहे की नाही हा प्रश्न तिनं बाजूला ठेवला. तिच्यापुढचा प्रश्न साधा होता. ज्याला हे बटण बंद हवंय, त्याला ते का बंद हवंय? आणि त्याहून मोठा प्रश्न होता संध्याकाळी येणाऱ्या बाळाचा. याच न्हाणीघरात, याच नळाखाली, उद्या सकाळी त्याला न्हाऊ घालायचं होतं.

तिनं जाऊन मेन स्विच खाली ओढला. घरभर पंखे मंदावत थांबले.

"अगं, काय केलंस?" आई धावत आली.

"आई, आज या घरात मी सांगेपर्यंत वीज लावायची नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. मामा, शिडी धर."

"संध्याकाळी बाळ येतंय आणि ही अंधार करून बसली!" मामा कुरकुरत आला, पण आला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं.

तिनं आधी टेस्टर लावून वीज खरंच गेलीये याची खात्री केली, मग गीझरचं झाकण उघडलं. आतून गंजाचा आणि जळक्या रबराचा वास आला. पाणी तापवणारी कांडी मधोमध तडकली होती. म्हणजे गीझर चालू असला की वीज थेट पाण्यात उतरत होती, पाण्यातून नळात. अशी वाट चुकलेली वीज जमिनीत नेऊन सोडायला हिरवी वायर असते. ती कुठल्याशा दुरुस्तीत कुणीतरी तोडली होती आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळून तशीच सोडून दिली होती.

"मामा, या नळाखाली गीझर चालू ठेवून कुणी उभं राहिलं असतं ना..." ती थांबली. "तर संपलंच होतं. पहिल्याच दिवशी. तुम्ही इतकी वर्षं रोज अंघोळ करताय."

"पण आम्हाला कधी काही झालं नाही की."

"कारण तुम्ही शिरायच्या आधी तो बंद झालेला असायचा."

शिडी धरलेला मामा आईकडे वळला. आईनं पदर तोंडाशी नेला. दोघं एकमेकांकडे बघत होती, आणि इतक्या वर्षांचं भांडण त्यांच्या चेहऱ्यांवरून उतरत चाललं होतं.

"तू नव्हतीस करत?" मामानं हळूच विचारलं.

"नाही रे. मला वाटायचं तूच..."

धाकटी शिडीवरून उतरली आणि मीटरशेजारचा बोर्ड उघडायला घेतला. अशी गळती झाली की वीज क्षणात तोडणारा ब्रेकर या घरात असायला हवा होता. तिला आठवत होतं, ती लहान असताना तो बसवला होता. तो होताही. पण त्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत तांब्याच्या तारेचा एक तुकडा आखूड वळवून जोडलेला होता. वीज ब्रेकरला वळसा घालून जात होती. दाराला कुलूप, आणि शेजारी भिंतीला भगदाड.

"हे कुणी केलं?"

मामानं शिडी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "वायरमननं. पण सांगितलं तिनं. तुझ्या मावशीनं."

"मावशीनं?"

"तो ब्रेकरचा डबा सारखा पडायचा गं. ती अंघोळीला गेली, डोक्याला साबण लावला, की सगळीकडे काळोख. रोजचंच झालं होतं. ती चिडायची, तशीच ओल्या डोक्यानं बाहेर यायची, मला शिव्या घालायची. शेवटी वायरमनला म्हणाली, हा मेला डबा काढून टाक, जरा सुखानं अंघोळ करू दे. तोही म्हणाला, डबाच खराब असेल, अशा वस्तू खराबच येतात. आम्हाला काय कळतंय? काळोख व्हायचा बंद झाला. आम्हाला बरंच वाटलं."

"आणि मावशी कधी गेली?"

"त्याच आठवड्यात," आई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मटकन बसली होती. "डॉक्टर म्हणाले घसरली असेल, हृदय बंद पडलं. फरशी ओली होती म्हणून आम्ही पण... ती घसरली नव्हती का गं?"

धाकटी आईजवळ बसली. तिनं आईचा हात हातात घेतला आणि खोटं बोलली नाही.

"नाही, आई."

बोळात अंधार होता. ओल्या केसांचा वास अजून तिथंच रेंगाळत होता. आता तो तिघांनाही येत होता.

मग धाकटी उठली. रडायला पुढे आयुष्य पडलं होतं. संध्याकाळ मात्र जवळ आली होती. तिनं चौकातल्या वायरमनला बोलावून घेतलं. तो जुना नव्हता, नवा होता, आणि तोंडाळ होता.

"ताई, एवढं कशाला? गीझर तेवढा बदला. बाकी चालतंय की."

"चालतंय म्हणूनच माणूस गेलं या घरातलं," ती म्हणाली. "तुम्ही काम करा. मी शेजारी उभी आहे. आणि हो, बूट घाला आधी."

त्यानं बूट घातले. दुपारभर घर खोदकामाला काढल्यासारखं दिसत होतं. तडकलेला गीझर उतरवून अंगणात टाकला. नवा येईपर्यंत पाणी गॅसवर तापवायचं ठरलं. जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पट्टीवरचा गंज खरवडून नट आवळले, हिरवी वायर प्रत्येक खोलीपर्यंत पोचते की नाही ते मोजून पाहिलं. तांब्याचा तुकडा काढून फेकला आणि नवा ब्रेकर बसवला. मग धाकटीनं घरभर फेरी काढली. फ्रिजच्या प्लगची तिसरी पिन मामानं पक्कडीनं कापली होती, कारण ती जुन्या सॉकेटात जात नव्हती.

"मला वाटलं ती शोभेची असते," मामा म्हणाला.

"मामा, तुझ्या नाकासारखी आहे ती. बिनकामाची दिसते, पण श्वास तिच्यातूनच चालतो."

"बरं झालं, नाक सॉकेटात जात नव्हतं म्हणून कापलं नाही," मामा पुटपुटला. सकाळपासून पहिल्यांदाच आई हसली.

आईच्या खोलीत एकाच सॉकेटावर इस्त्री, हीटर आणि टीव्ही लटकत होते. सॉकेट एका बाजूनं पिवळं पडून वितळलं होतं. ते बदललं. गालिच्याखालचा जोड काढून सलग वायर टाकली. बाळाच्या खोलीतल्या प्रत्येक खालच्या सॉकेटाला झाकण बसवलं. शेवटी तिनं मेन चालू केला आणि आई-मामांना बोर्डासमोर उभं केलं.

"हे छोटं बटण बघा. महिन्यातून एकदा दाबायचं. दाबलं की वीज गेली पाहिजे. गेली तर समजायचं पहारेकरी जागा आहे. आणि तो आपण होऊन पडला, तर त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. तो काय सांगतोय ते शोधायचं."

आईनं बोट पुढे केलं, मागे घेतलं, मग दाबलं. खटकन वीज गेली. आई त्या ब्रेकरकडे बघत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "हेच सांगत होतीस होय गं..." हे ती ब्रेकरशी बोलत नव्हती.

ब्रेकर पुन्हा वर करून धाकटी एकटीच बोळात गेली. न्हाणीघरात शिरून नळ उघडला, सरळ हातानं धरला. काही नाही. बोळात फक्त ताज्या सिमेंटचा वास होता. तिनं श्वास सोडला. "झालं हं मावशी," ती कुजबुजली. "आता तू जा. आता मी आहे."

दिवे लागायच्या सुमाराला ताई आली. गुंडाळलेलं बाळ आईच्या हातात गेलं, मग मामाच्या, आणि मामानं ते टाईमबॉम्ब धरावा तसं धरलं. घरभर उजेड होता. ताईनं पिवळ्या टबला नावं ठेवली, निळ्यालाही ठेवली. बाळाला त्याच्या खोलीत पाळण्यात ठेवलं आणि सगळे भोवती उभे राहिले. भिंतीवरचा मंद दिवा बाळाच्या कपाळावर पडला होता.

खट्.

दिवा विझला.

"मामा!" ताई हसत म्हणाली. "आल्या आल्या बिलाची काळजी?"

मामा हसला नाही. त्याचे दोन्ही हात पाळण्याच्या कठड्यावर होते.

बोळातल्या उजेडात धाकटी भिंतीपाशी गेली. दिव्याचं बटण बंद होतं. तिनं ते चालू केलं, हात काढला.

खट्.

"ताई, बाळाला घे आणि बाहेरच्या खोलीत जा," ती म्हणाली. "काही नाही. मी बघते."

सगळे गेल्यावर तिनं मेन बंद केला, बॅटरीच्या उजेडात तो बोर्ड भिंतीतून सोडवला. एकेक वायर तपासली. तांबं चकचकीत होतं, जोड घट्ट होते, गळती शून्य. दिवा उघडला, छताचा हूक हलवून पाहिला, पाळण्याची कडी, खिडकीचा गज, सगळ्यावर हात फिरवला. चुकीचं काहीच नव्हतं. तिनं बटणाच्या मागच्या वायरी सोडवल्या, ते बटण सुटं केलं, खटखट करून पाहत चालूवरच ठेवून खिशात टाकलं, वायरींची टोकं झाकली आणि वीज परत चालू केली. उद्या ही भिंत फोडून बघायची, तिनं ठरवलं. या खोलीत काय आहे ते शोधल्याशिवाय बाळाला इथं ठेवायचं नाही.

ती बाहेरच्या खोलीत आली. आई, मामा, ताई सोफ्यावर एकमेकांना चिकटून बसले होते. ताईला एव्हाना मावशीबद्दलचं सगळं आईनं सांगितलं होतं. बाळ ताईच्या मांडीवर जागं होतं, टक लावून वर बघत होतं.

"काय सापडलं?" ताईनं विचारलं.

"काही नाही. खोलीतच काहीतरी असणार. इथं काळजी नको."

ती वाकली, आणि बाळाच्या गालाला बोट लावलं.

तिच्या खिशात, कुठल्याही वायरीला न जोडलेलं ते बटण वाजलं. खट्.

धाकटीनं खिशात हात घातला. बटण ओलं होतं. तिनं ते चालूच्या बाजूला सारलं आणि तळहातावर धरून हळूच मागे सरकली, दारापर्यंत. काही नाही. एक पाऊल पुढे. काही नाही. पुन्हा ताईच्या मांडीशी आली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुणीही न शिवता, ते बंद झालं.

"याचा अर्थ काय?" ताईचा आवाज चिरकला. "सांग ना... आता काय बंद करायला सांगतेय ती?"

"मला माहीत नाही. खोलीत नाही, बाळापाशीच काहीतरी आहे," धाकटी म्हणाली. तिनं बाही वर सारली, दिवा ओढून जवळ घेतला आणि बाळाच्या दुपट्याची पहिली घडी उलगडली. "पण शोधून काढीन."

तळहातावर पुन्हा वाजलं. मग पुन्हा. आता ते चालू करायला कुणी लागत नव्हतं, आणि दोन आवाजांमधली उसंत कमी कमी होत चालली होती.